ओळखीची कावीळ

आमच्या घरात कावीळ ही कधी भीतीची गोष्ट नव्हती. ताप, खोकला, गोवर, तशीच कावीळ. लहानपणी आम्हा दोघांनाही ती होऊन गेली होती. कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरातली म्हातारी माणसे म्हणायची, "कावीळ आहे, माळ आणा." मग माळ यायची, हळद बंद व्हायची, उसाचा रस सुरू व्हायचा आणि महिना-सव्वा महिन्यात माणूस बरे व्हायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी ती पुन्हा घरात आली, तेव्हा आम्ही तिला ओळखीच्या पाहुण्यासारखे आत घेतले. आमचा घात झाला तो या ओळखीनेच.

इथे आम्ही म्हणजे घरातली वडीलधारी दोघे, नवरा-बायको. या घरात कोणते औषध घ्यायचे, कोणत्या डॉक्टरकडे जायचे, हे आजवर आम्हीच ठरवत आलो. म्हणून जे घडले त्याची जबाबदारीही आमचीच आहे. हे लिहायला हात धजत नव्हता. पण सूनच म्हणाली, "लिहा अम्मी. दुसऱ्या कुणाच्या घरी तरी उपयोग होईल."

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत, रोशन गेटच्या अलीकडे आमचे घर आहे. आमच्या शहरातल्या माणसाला पाण्याचे वेगळे सांगायला नको. नळ रोज येत नाही. कधी पाच दिवसांनी येतो, उन्हाळ्यात आठ दिवसांनीही येतो. तो आला की सारी गल्ली जागी होते. ड्रम, टाक्या, हंडे, बादल्या, जे हाती लागेल ते भरून ठेवायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे. पाण्याला जोर नसतो, म्हणून बहुतेकांनी नळालाच मोटार जोडलेली. आमच्याकडेही होती. शेजाऱ्याने लावली म्हणून आम्ही लावली आणि आम्ही लावली म्हणून पलीकडच्याने.

शाबान महिना सुरू होता. धाकटा मुलगा तेव्हा बारावीला होता. आधी त्याला ताप आला, मग मळमळ, मग जेवणाचा वासही नको झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी लघवी गर्द पिवळी झाली आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा दिसू लागला. घरातल्या सगळ्यांनी एकच निदान केले. नात्यातल्या एका फुफींनी शहराबाहेरच्या एका खेड्यातला माळ देणारा माणूस सांगितला. आम्ही मुलाला घेऊन गेलो.

त्याने मुलाच्या हातांना कसला तरी रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळेजर्द झाले. "बघा, कावीळ उतरतेय," तो म्हणाला. मग बारीक काड्यांची माळ डोक्यावर ठेवली. ती रोज थोडी लांबायची. डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीपर्यंत आली. पथ्यही सांगितले: तेल नको, हळद नको, गोश्त नको. त्या दिवसांत एका दावतीत नान-कलिया होता. आमच्या शहराचा हा खास पदार्थ मुलाच्या जिवाचा लाडका. पण नान पिवळी, कलियाही पिवळा, म्हणून त्याला ताटावरही बसू दिले नाही. पाच आठवड्यांत तो बरा झाला. आम्ही अल्लाहचे आभार मानले आणि माळेवरचा विश्वास आणखी पक्का केला.

मोठ्या सुनेला तेव्हा सातवा सरत होता. आमच्या घरातले हे पहिलेच नातवंड. मोठा मुलगा वाळूजला कारखान्यात पाळीने काम करतो. रमजान लागला. ती रोजे ठेवत नव्हती, कारण गरोदर बाईला शरीअतने सवलत दिली आहे. पण इफ्तारची सगळी तयारी तीच करायची. तिसऱ्या आठवड्यात तिला उलट्या होऊ लागल्या, अन्न जाईना. आम्ही म्हटले, दिवस भरत आलेत, असे होतेच. मग बाविसाव्या रोजाला तिचे डोळे पिवळे दिसले.

ती आपणहून म्हणाली, "अम्मी, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

आम्ही उत्तर दिले ते शब्द आजही कानात आहेत. "धाकट्याचे बघितलेस ना बेटा? माळेने कसा बरा झाला. ईद तोंडावर आहे, दवाखान्यात कशाला अडकायचे?"

माळ आणली. तिचे तेल बंद केले, हळद बंद केली. पोटात मूल असलेल्या बाईला उसाचा रस आणि फुटाण्यांवर ठेवले. असे चार दिवस गेले. चौथ्या रात्री सहेरीच्या वेळी ती उठलीच नाही. हलवून जागे केले तर एकटक बघत राहिली. आज कोणता वार, हे तिने तीनदा विचारले. मग उठून मिठाचा डबा फ्रीजमध्ये ठेवून आली. आम्हाला वाटले, झोपेत आहे. शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी तिच्याकडे बघितले आणि आम्हाला एवढेच म्हटले, "आत्ता निघा. चहासुद्धा करू नका."

शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला दाखल केले. रक्त तपासले. एसजीपीटी हजारांच्या घरात होते. पण डॉक्टर त्यापेक्षा दुसऱ्याच आकड्याकडे बघत होत्या. रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचा तो आकडा. यकृत रक्त गोठवणारी द्रव्ये तयार करते. यकृतच थकले की हा वेळ वाढतो. तिचा वाढला होता. त्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, "डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले?" आम्ही म्हटले, चार. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले. रागावल्या असत्या तर आम्हाला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. वेळेच्या किती तरी आधी मुलगी जन्मली. ती दीड दिवस जगली. आम्ही तिचे नाव ठेवले आणि तिला कब्रस्तानात पोचवले. तेव्हा तिची आई बेशुद्धीत होती, तिला यातले काही माहीत नव्हते. सहा दिवस सून अतिदक्षता विभागात होती. अल्लाहने तिला परत दिले. त्या ईदला आमच्या घरी शीरखुर्मा झाला नाही.

तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी आम्ही डॉक्टरांना विचारले, चार दिवस आधी आणले असते तर बाळ वाचले असते का? त्या म्हणाल्या, "असे मी ठामपणे म्हणणार नाही. या विषाणूवर गरोदर बाईला देता येईल असे खास औषध आमच्याकडेही नाही. पण त्या चार दिवसांत आम्ही तिच्यावर नजर ठेवली असती, तिला उपाशी राहू दिले नसते, तिचे साखर-पाणी सांभाळले असते आणि बिघडायला लागल्याबरोबर आमच्या लक्षात आले असते." मग त्यांनी कागदावर चित्र काढून आम्हाला समजावले. तेच आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

कावीळ हे आजाराचे नाव नाही, ती एक खूण आहे. जुने रक्त मोडताना शरीरात बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते बाहेर टाकते. यकृताला सूज आली की हे द्रव्य रक्तात साठते आणि डोळे, कातडी, लघवी पिवळी होते. ही सूज कशामुळे आली, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे बहुधा ती विषाणूंमुळे येते. ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. बी आणि सी हे रक्तातून पसरतात, म्हणजे न उकळलेली सुई, एकच वस्तरा, तपासणी न झालेले रक्त. बी आईकडून बाळालाही जातो. डेंग्यूतही यकृताला सूज येऊ शकते. पित्ताच्या खड्यानेही डोळे पिवळे होतात. या सगळ्यांवर एकच माळ कशी चालेल?

मग धाकटा बरा कसा झाला? धाकट्यालाही बहुधा ई प्रकारच झाला असावा, असे डॉक्टर म्हणाल्या. ए आणि ई या दोन्ही प्रकारांत बहुतेक रोगी चार ते सहा आठवड्यांत आपोआप बरे होतात. शरीरच विषाणूला हटवते. म्हणजे माळ घातली तरी बरे, नाही घातली तरी बरे. शंभरातले बहुसंख्य असेच बरे होणार असतील, तर माळवाल्याचे नाव होणारच. हे एवढे साधे गणित आम्हाला इतक्या वर्षांत कधी सुचले नाही. पिवळ्या पाण्याचेही रहस्य नंतर कळले. आंब्याच्या सालीचा रस हातांना लावून चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळेच होते. आम्ही घरी करून बघितले. कावीळ नसलेल्या आमच्या हातांचेही पाणी तसेच पिवळे झाले. माळ लांबते, कारण काड्या सुकून बारीक होतात आणि सैल गाठी सरकतात.

पण ई प्रकार एका ठिकाणी वेगळा वागतो, आणि हेच आम्हाला माहीत नव्हते. इतरांना तो महिनाभर त्रास देऊन सोडतो. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरात वीस-पंचवीस बायांपर्यंत जीव जाऊ शकतो. बाळ वेळेआधी जन्मते किंवा पोटातच दगावते.

आमच्या सुनेसारख्या बायांकडे जगाचे लक्ष वेधले ते काश्मीरच्या एका डॉक्टरांनी, हे आम्हाला नंतर वाचनात मिळाले. १९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यातल्या गावांमध्ये काविळीची मोठी साथ आली. सुमारे ५२,००० लोकांना कावीळ झाली आणि सुमारे १,७०० माणसे गेली. डॉ. मुहम्मद सुलतान खुरू हे तेव्हा श्रीनगरला तरुण डॉक्टर होते. ते गावोगाव फिरले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, ज्या गावांचे पिण्याचे पाणी घाण झाले होते तिथेच साथ होती. दोन, मरणाऱ्यांमध्ये गरोदर बाया फार होत्या. रक्ताचे नमुने तपासले तर तो ना ए होता ना बी. हा वेगळाच विषाणू असावा, असे त्यांनी १९८० साली मांडले. १९८३ मध्ये रशियाच्या डॉ. बालायान यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून तो विषाणू पाहिला. पुढे त्याला ई हे नाव मिळाले. त्याआधी १९५५-५६ च्या दिल्लीच्या साथीतही हजारो लोकांना याच विषाणूने गाठले होते, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून नंतर सिद्ध झाले. आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीने हीच साथ भोगली. सगळीकडे कारण एकच: पिण्याच्या पाण्यात मिसळलेले सांडपाणी.

आमच्या पाण्यात ते कुठून आले? ईदनंतर आम्ही नळाचे काम करणारा माणूस बोलावून घरासमोर खणून पाहिले. आमची नळाची नळी गटारातून आलेली होती. गंजून तिला भोके पडली होती. नळ चालू असतो तेव्हा नळीत दाब असतो, त्यामुळे बाहेरचे आत येत नाही. पण आपल्या शहरात नळी आठवड्यातले बहुतेक दिवस रिकामी असते. रिकाम्या नळीत गटाराचे पाणी झिरपते. मग नळ येतो आणि वरून आम्ही मोटार लावतो. मोटार पाणी ओढते, तशी घाणही ओढते. जे पाणी भरताना आम्ही शेजाऱ्याआधी आमचा ड्रम भरल्याचे समाधान मानत होतो, त्याच पाण्यातून हा विषाणू घरात आला असावा. धाकट्याने आणि सुनेने एकाच माठातले पाणी प्यायले होते. हा विषाणू शरीरात गेल्यापासून दोन ते दहा आठवड्यांत कधीही डोके वर काढतो. म्हणून एक शाबानमध्ये आजारी पडला, दुसरी रमजानमध्ये.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आम्ही किती वेळा ऐकले आहे, मुलांना किती वेळा सांगितले आहे! नळाला मोटार लावणे ही त्या हक्काची चोरी आहे, हे कधी मनात आले नाही. त्याच्या वाट्याचे पाणी आम्ही ओढले आणि ओढून ओढून सगळ्या गल्लीच्या नळीत गटार आणले.

आमच्या शहराला पाण्याचा मोठा वारसा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने, कुठलेही यंत्र न लावता, केवळ उतारावर शहरात आणले. पाणचक्कीत तर पाण्याने जाते फिरायचे आणि मुसाफिरांसाठी पीठ निघायचे. नहर झाकलेली होती, पाणी वाहते होते. आज जायकवाडीचा नाथसागर पन्नासएक किलोमीटरवर आहे आणि आम्ही पाणी आठ दिवस ड्रममध्ये कोंडून पितो. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणी भागात दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ आली. हजारो माणसे आजारी पडली. तेव्हा आम्हीही हळहळलो होतो. पण आपल्या नळीकडे वाकून बघितले नव्हते.

आता आमच्या गल्लीत काय बदलले ते सांगतो. नवी नळी गटारापासून दूर, वरच्या अंगाने टाकली. नळावरची मोटार काढली. नळाचे पाणी आपल्या दाबाने खालच्या हौदात पडते आणि मोटार हौदातून गच्चीवरच्या टाकीला लावली आहे. गल्लीतल्या पाच घरांनी असेच केले. सगळ्यांनी नाही केले, पण पाच घरांनी केले. नळ आला की पहिली दहा-पंधरा मिनिटे पाणी धुण्या-पुसण्याला घेतो, पिण्याला नाही. पिण्याचे पाणी चांगले खळखळून उकळतो आणि झाकून ठेवतो. रात्री भांडी झाकून ठेवण्याची शिकवण आपल्याला पैगंबरांनी (स.) चौदाशे वर्षांपूर्वी दिली. आम्ही ती जेवणाच्या भांड्यांपुरती पाळत होतो, पाण्याचा ड्रम मात्र उघडा. आता माठातले पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढतो, हात बुडवत नाही. इस्तिंजानंतर नुसते पाणी नाही, साबण लावतो. वुजूच्या वेळी चूळ भरताना पाणी तोंडात जाते, म्हणून हौद आणि टाकी ठरावीक दिवसांनी धुऊन क्लोरीन टाकतो. उन्हाळ्यात रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस तर काविळीच्या रोग्यालाच काय, निरोगी माणसालाही देत नाही. तो बर्फ कोणत्या पाण्याचा, कोण जाणे.

वाचक भगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. घरात गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रोगी कुणीही असो, तो फार झोपू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, बोलण्यात गोंधळ करू लागला, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, पोट फुगले, तर ही धोक्याची लक्षणे आहेत. तापासाठी स्वतःच्या मनाने गोळ्या देऊ नका. झाडपाल्याची औषधेही देऊ नका, कारण सुजलेल्या यकृताला तीच पचवावी लागतात. हळद बंद करून कावीळ जात नाही. रोग्याला सोसेल ते साधे घरचे अन्न थोडे थोडे, पण पोटभर द्या.

ए प्रकारावर लस मिळते, मुलांच्या डॉक्टरांना विचारा. बी प्रकाराची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात मोफत देतात, ती चुकवू नका. खतना करताना आणि कान टोचताना अवजार निर्जंतुक आहे का, हे विचारायला लाजू नका. सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आहे. त्यात बी आणि सीची तपासणी व औषधे मोफत आहेत.

काही जण आम्हाला म्हणाले, मुलीचे आयुष्य तेवढेच लिहिलेले होते. आमचाही तकदीरवर ईमान आहे, आणि त्याच आधारावर आम्ही उभे आहोत. पण तकदीर आमच्या हलगर्जीपणाचा पडदा होऊ शकत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला पैगंबरांनी (स.) काय शिकवले, ती गोष्ट आम्ही मुलांना किती वेळा सांगितली असेल. उपचार घेण्याची ताकीदही त्यांचीच. दुआ आम्ही त्या चार दिवसांतही करत होतो. दुआबरोबर पाऊल उचलायचे राहून गेले.

सून आता बरी आहे. यकृताचे सगळे आकडे पूर्ववत झाले. तिने आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त रोज रात्री झोपण्यापूर्वी ती स्वयंपाकघरात जाऊन माठावरचे झाकण हाताने चाचपून बघते. आम्ही आमच्या खोलीतून तो आवाज ऐकतो. मग मागून आम्हीही एकदा जाऊन बघतो.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या घरातल्या मुलाबाळांना सलामत ठेवो. आमीन.